कोरकूंचा मुंडा : कोरीव लाकूड आणि त्याची जागा

मेळघाटावर मराठीत गेल्या पन्नास वर्षांत जे लिहिले गेले, त्यातून वाघ, कुपोषण आणि चिखलदऱ्याचे पर्यटन वजा केले तर फार थोडे उरते. कोरकूंच्या कलेचा विषय निघालाच, तर एखाद्या नृत्याच्या छायाचित्रावर तो संपतो. याच मेळघाटात लाकूडकामाची एक जुनी परंपरा आहे आणि तिला स्वतःचे व्याकरण आहे. वऱ्हाडच्या कलेतिहासात तिची नोंद व्हायला हवी. ही परंपरा म्हणजे मुंडा, मृतांच्या नावाने उभारलेली कोरीव लाकडी फळी. मुंडा कसा वाचावा आणि तो वाचताना आपण काय गाळतो, हे या लेखात पाहायचे आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. कोरकू मृताला पुरतात. पण मृत्यूचे काम तिथे पुरे होत नाही. काही महिन्यांनी, ऐपत नसेल तर काही वर्षांनी, सिडोली नावाचा विधी होतो. नातलग जमतात, जेवणावळ होते आणि मृताचा जीव पूर्वजांच्या मेळ्यात दाखल होतो. या विधीत मुंडा उभा केला जातो. तो बहुधा सागाचा असतो. जमिनीत रोवायचा भाग साधा ठेवतात आणि वरच्या भागावर कोरीव काम करतात. माथ्याशी सूर्य आणि चंद्र असतात. खाली हाती शस्त्र घेतलेला घोडेस्वार असतो. अनेक मुंड्यांवर हात धरून नाचणाऱ्या माणसांची ओळही दिसते. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात कोरकूंच्या अंत्यविधीचे वर्णन आहे. त्यात सूर्य, चंद्र आणि स्वार यांच्यासोबत कोळी आणि माणसाचा कान ही चिन्हेही नोंदवलेली आहेत.

मराठी वाचकाला हे वर्णन ऐकताच वीरगळ आठवेल. तिथेही माथ्याशी चंद्रसूर्य आणि खाली शस्त्रधारी माणूस असतो. तुलना स्वाभाविक आहे, पण ती घाईने केली तर मुंडा हा वीरगळाचा गरीब, लाकडी भाऊबंद ठरतो. प्रत्यक्षात दोहोंचा हेतू वेगळा आहे. वीरगळ दगडाचा असतो, कारण त्याला टिकायचे असते. चंद्रसूर्य असेतोवर ही कीर्ती राहो, असे तो सांगतो. तिथे चंद्रसूर्य हे काळाचे माप आहे. कोरकूंच्या धर्मात सूर्य आणि चंद्र हे मुख्य देव आहेत. मुंड्याच्या माथ्यावर ते मुदत सांगायला बसलेले नाहीत. मृत ज्यांच्याकडे गेला, ते तिथे कोरलेले आहेत. शिवाय वीरगळासाठी लढाईत किंवा गाईगुरे वाचवताना मरण यावे लागते. मुंड्यासाठी अशी अट नाही. तापाने गेलेल्या शेतकऱ्यालाही तो मिळतो.

मग साध्या शेतकऱ्याला घोडा आणि शस्त्र कशासाठी? सोपे उत्तर असे, की आसपासच्या राजपूत-मराठा सरदारांच्या प्रतिमेची ही नक्कल आहे. ते अंशतः खरेही असेल. गाविलगडाच्या छायेत राहणाऱ्यांनी घोडेस्वार पाहिले नसतील असे नाही. पण कोरकूंच्या उत्पत्तिकथेकडे पाहिले तर घोड्याचा आणखी एक अर्थ समोर येतो. १९१६ च्या ग्रंथातील कथा अशी आहे. सातपुडा-विंध्याचा मुलूख निर्मनुष्य आहे असे पाहून रावणाने महादेवाची प्रार्थना केली. महादेवाने वारुळाची तांबडी माती आणवली आणि त्या मातीच्या स्त्री-पुरुषांच्या मूर्ती घडवल्या. पण इंद्राने पाठवलेले घोडे उठले आणि त्यांनी त्या मूर्ती तुडवून टाकल्या. पुन्हा घडवल्या, पुन्हा तुडवल्या. शेवटी महादेवाने आधी कुत्रा घडवून त्याला राखणीला बसवले. मगच मुला आणि मुलाई हे पहिले जोडपे जगले.

म्हणजे या कथेत माणसाला पुन्हा माती करणारा प्राणी घोडा आहे. मुंड्यावर तोच घोडा मृताच्या मांडीखाली आहे. ज्याने मातीच्या माणसाला तुडवले, त्याच्यावर मातीत गेलेला माणूस स्वार झालेला आहे. हा अर्थ माझ्या वाचनातला आहे. कोरणारा मनात हीच कथा ठेवून कोरतो, असा माझा दावा नाही. पण निव्वळ नकलेचा सिद्धांत पुढे केला, की कोरकूंची स्वतःची कथा बाजूला पडते आणि शेजाऱ्याची तेवढी उरते. आदिवासी कलेवरच्या आपल्या लेखनात हे वारंवार घडते.

एकाच मुंड्यावर अनेक मृत असू शकतात, ही गोष्टही महत्त्वाची आहे. खर्च झेपत नसेल, तर कुटुंबातील बरेच मृत एकाच फळीवर सामावून घेतात. मुख्य व्यक्ती स्वाराच्या रूपात येते, बाकीचे खाली येतात. दारिद्र्याने लादलेली ही तडजोड आहे खरी, पण ती शैलीतही उतरली आहे. चेहऱ्यात फरक नसतो, नाव नसते, कोरणाऱ्याची सही नसते. व्यक्तिचित्र शोधणारा समीक्षक इथे निराश होतो आणि 'ढोबळ' असा शेरा मारतो. पण या फळीचा विषय व्यक्ती नाहीच. माणूस ओळीत सामील झाला, हे तिला सांगायचे आहे. त्या दृष्टीने एकसारख्या आकृत्या हा दोष राहत नाही, तोच मजकूर ठरतो.

ही ओळ कुणाची, हे जागेवरून कळते. मेळघाटात बेठेकर, कासदेकर, जांभेकर ही आडनावे घरोघर भेटतात. अमरावती-अकोल्याच्या माणसाला '-कर' ऐकले की एखादे गाव वाटते. पण बेठे, कासदा, जांबू ही कोरकूंची गोतनावे आहेत, त्यांना मराठी प्रत्यय लागला आहे. गावाबाहेर झाडाखाली मुंडे उभे असतात, ते या गोतांच्या हिशेबाने. नवा मुंडा जुन्यांच्या शेजारी रोवला जातो. जुने हळूहळू झिजतात, वाळवी लागते, कलतात, पडतात. त्यांची डागडुजी करण्याचा आटापिटा कुणी करत नाही. सिडोली पार पडली की फळीचे काम झाले. टिकायचे असते ते त्या जागेने.

याच ठिकाणी आपल्या अभ्यासातली फट दिसते. जुन्या ग्रंथांत मुंडा अंत्यविधीच्या प्रकरणात येतो. तिथे विधी तपशिलात सापडतो, पण कोरीव कामाचा विचार दोन ओळींत संपतो. संग्रहालयांत उलट घडते. तिथे फळी नीट उजेडात उभी असते, पण गोत, गाव आणि शेजारच्या फळ्या गायब असतात. स्टीफन फुक्स यांचे कोरकूंवरचे १९८८ चे पुस्तक विधी आणि समाज यांची सांगड घालते, पण ते इंग्रजीत आहे. मुंडे ज्या जिल्ह्यात उभे आहेत, त्या जिल्ह्याच्या भाषेत त्या तोडीचा अभ्यास झालेला नाही.

हा प्रश्न फक्त मेळघाटाचा नाही. अलास्काच्या किनाऱ्यावरील युपिक लोक हिवाळी समारंभांसाठी लाकडी मुखवटे कोरत आणि समारंभ संपला की जाळत, पुरत किंवा टाकून देत. एडवर्ड नेल्सन या हवामान-निरीक्षकाने १८७७ ते १८८१ या काळात तिथून हजारो वस्तू गोळा करून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पाठवल्या. त्यांत हस्तिदंती, हाडाच्या आणि लाकडाच्या कोरीव वस्तू होत्या. शंभरावर वर्षे त्या 'एस्किमो कला' म्हणून पाहिल्या गेल्या. १९९६ मध्ये निरनिराळ्या संग्रहालयांतील जुने मुखवटे टोक्सुक बे या युपिक गावी प्रदर्शनासाठी आले. म्हाताऱ्या माणसांनी ते पाहिले आणि त्यांच्या कथा सांगितल्या. पुढे क्विनहागाक या गावाजवळ समुद्राने खचणाऱ्या किनाऱ्यातून हजारो जुन्या वस्तू उत्खननात निघाल्या. २०१८ मध्ये गावानेच त्यांच्यासाठी आपले केंद्र उघडले. वस्तू जपायची की नाही, आणि जपायची तर कुठे, हे तिथे गावाने ठरवले.

मेळघाटात हा निर्णय कोण घेते? मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. त्याच्या गाभ्यातील गावांचे पुनर्वसन गेली वीसेक वर्षे चालू आहे. अमरावती जिल्ह्यातील केलपाणी, गुल्लरघाट, अमोना, नागरतास अशी गावे घाट उतरून अकोला जिल्ह्यातील अकोट-तेल्हाऱ्याकडे आली. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसितांपैकी काही कुटुंबे जंगलात परतली आणि वनकर्मचारी-पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. वर्तमानपत्रांत जमीन, पाणी, रोजगार यांची चर्चा झाली, ती योग्यच होती. मुंड्यांची चर्चा झाली नाही.

केंद्राच्या योजनेत २००८ पासून प्रतिकुटुंब १० लाख आणि २०२१ पासून १५ लाख रुपये आहेत. जमीन, घर, हक्कांची भरपाई, सामुदायिक सुविधा असे तिचे भाग पाडलेले आहेत. सुविधांत प्रार्थनास्थळ आणि दफनभूमीचाही समावेश आहे. तेव्हा योजना निष्काळजी आहे, असे म्हणता येणार नाही. पण तिची समजूत अपुरी आहे. नव्या दफनभूमीत यापुढचे मृत पुरता येतील. आधीच्या मृतांची ओळ मात्र जुन्या झाडाखाली राहते आणि नव्या मुंड्याला शेजार उरत नाही. फळी उचलून संग्रहालयात नेणारा आणि गाव उचलून सपाटीवर नेणारा, दोघेही एकच गोष्ट धरून चालतात, की जागा बदलली तरी अर्थ सोबत येतो. मुंड्याबाबत ते खरे नाही.

यावर उपाय अवघड नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात पारंपरिक सामुदायिक हक्कांची तरतूद आहे. गाव हलण्यापूर्वी प्रत्येक गोताची मुंड्यांची जागा ग्रामसभेच्या साक्षीने नोंदवावी. सिडोलीसाठी तिथे जाण्याचा हक्क त्यातच लिहावा. संग्रहालयांनी आपल्याकडील फळ्यांवर किमान गाव आणि गोत लिहावे. जंगलात माणसांना सोडता येत नाही, हा आक्षेप टिकणारा नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी अकोला-अकोटहून हजारो भाविक याच जंगलातल्या धारगडच्या महादेवाला जातात आणि प्रशासन त्यांची व्यवस्था करते. कोरकूंच्या कथेत माणूस घडवणारा महादेवच आहे. त्याच्या दर्शनाला आपल्याला वाट मिळते, तशी बेठेकर-कासदेकरांना त्यांच्या पूर्वजांपाशी जायला मिळावी. तेवढे झाले तर मुंडे पुढेही कोरले जातील आणि जुन्यांच्या शेजारी उभे राहून आपल्या गतीने मातीत जातील.