वाडा कुणाचा, भूत कुणाचे?

झपाटलेला वाडा आणि त्यात अडकलेली प्रेमकथा हा प्रकार आपण करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण या परंपरेची पहिली कादंबरी मानली जाणारी होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) मुळात मालकीहक्काची कथा आहे. गढी बळकावलेली असते, म्हणूनच ती झपाटलेली असते.

कमाल अमरोही यांच्या ‘महल’मध्ये (१९४९) हा प्रश्न आणखी खालच्या पायरीवर उतरतो. नव्या मालकाला भुरळ घालणारे भूत अखेरीस माळ्याची मुलगी निघते. मालकाच्या नजरेत भरण्यासाठी तिला आधी मृत स्त्रीचे सोंग घ्यावे लागते.

‘महल’च्या चार वर्षे आधी, मे १९४५ मध्ये, तलासरीजवळच्या झरी येथे वारल्यांनी परिषद भरवून वेठीला नकार दिला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात डहाणू-तलासरीच्या त्या लढ्याची हकिगत आहे. तीत ‘लग्नगडी’ भेटतो. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे उचलायचे आणि ते फेडण्यासाठी नवराबायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचे, अशी ती प्रथा. बाईच्या देहावरही मालक हक्क सांगे. म्हणजे प्रेम, लग्न आणि वाडा यांची जी सांगड गॉथिक कादंबरी कल्पनेने घालते, ती इथे रोजचा व्यवहार होती.

मग या वाड्यांची भूतकथा का होत नाही? माझ्या मते कारण साधे आहे. भूतकथेला लपवलेला गुन्हा लागतो. इथला गुन्हा उजेडात, रूढी म्हणून चालला होता. गोदावरीबाईंना त्यामुळे भुताची गरज पडली नाही. त्यांनी नावानिशी, गावानिशी सांगितले.

लपवाछपवी सुरू होते ती नंतर, वाडा केवळ ‘जुनी, देखणी वास्तू’ उरतो तेव्हा. तिथे उसासे टाकणारी धनीण कल्पिणे सोपे आहे. कर्जाच्या पैशांत हळद लागलेल्या वारली नवरीला त्या रात्री काय वाटले असेल, हा खरा प्रश्न आहे. तो विचारणारी प्रेमकथा वाड्याच्या माडीवरून लिहिता येणार नाही. त्यासाठी कुडाच्या घरात बसावे लागेल. आणि ती लिहिली गेली, तर वाचकाला भीती भुताची नव्हे, वाड्याचीच वाटेल.