संशोधनलेखनातील अवतरणे आणि संगणकीय शुद्धलेखन-तपासणी : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अवतरण, संदर्भनिर्देश, शुद्धलेखन-तपासणी, लेखननियम, पाठनिष्ठा

प्रस्तावना :

संशोधनपर लेखनात दोन प्रकारची वाक्ये असतात. काही संशोधकाची स्वतःची, तर काही इतरांकडून घेतलेली. पहिल्या प्रकारातील चूक दुरुस्त करणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे आणि दुसऱ्या प्रकारातील शब्दाला हात न लावणे हेही त्याचेच कर्तव्य आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर यांमधील शुद्धलेखन-तपासणीला हा भेद स्वतःहून कळत नाही. तिच्या दृष्टीने संपूर्ण प्रबंध एकाच व्यक्तीने, एकाच काळात आणि एकाच नियमाने लिहिलेला असतो. या गृहीतकामुळे मराठी संशोधनातील अवतरणे व संदर्भनिर्देश यांवर काय परिणाम होतो आणि त्यावरील उपाय कितपत पुरेसे आहेत, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

दोन लेखनपद्धतींमधील अंतर :

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेल्या लेखनविषयक नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. या नियमांनी व्युत्पत्तीवर आधारलेले अनुच्चारित अनुस्वार वगळले. त्यापूर्वीच्या मुद्रित ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुलांनीं’ अशी रूपे सर्रास आढळतात. ती त्या काळातील शुद्ध रूपेच होत. आजच्या शब्दसंग्रहावर चालणारी तपासणी मात्र त्यांच्याखाली लाल रेघ ओढते.

प्रश्न केवळ अवतरणापुरता मर्यादित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या साधनखंडांचे शीर्षकच ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ असे आहे. त्यातील दोन अनुस्वार ‘दुरुस्त’ केल्यास अर्थ बदलत नाही. परंतु ग्रंथाची मुद्रित ओळख बदलते आणि मूळ रूपानुसार केलेल्या सूचीत तो शोधणे अवघड होते. शिवाय युनिकोडमध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ या शीर्षकातील ‘ऱ्य’ हे जोडाक्षर दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. वाचकाला दोन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाच्या शोधाला मात्र ती भिन्न वाटू शकतात.

याहून सूक्ष्म अडचण तपासणी जेथे मौन पाळते तेथे निर्माण होते. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे रूप एकवचनीही असे. आज ते अनेकवचनी मानले जाते. शब्द आजही वैध असल्याने त्याखाली रेघ येत नाही आणि टंकलेखन करताना ‘घरात’ असे लिहिले गेले तरीही येत नाही. १८९८ ऐवजी १९८९ असे वर्ष किंवा चुकीचा पृष्ठांक पडला तरी तपासणीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. म्हणजेच रेघ असणे हा चुकीचा पुरावा नव्हे आणि रेघ नसणे हा अचूकतेचा पुरावा नव्हे.

नकळत होणारे बदल :

तपासणी निदान विचारून बदल करते. ऑटोकरेक्ट ही सुविधा मात्र टंकलेखन चालू असतानाच परस्पर बदल करते. २००० च्या दशकातील अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित झाले. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. त्यामुळे वाक्यारंभीचे अक्षर मोठे करण्याचा इंग्रजीचा नियम लागू झाला की देवनागरी अक्षरच बदलते. अशा संचिका आज युनिकोडमध्ये रूपांतरित करताना हे दोषही सोबत येतात.

विज्ञानक्षेत्रातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. एक्सेल ही आज्ञावली काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे दिनांक समजून बदलत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ यांसारखी नावेच बदलल्याचे जाहीर केले. तेथे आज्ञावलीच्या सोयीसाठी नाव बदलता आले, कारण ते ठरविण्याचा अधिकार समितीला होता. दिवंगत लेखकाच्या वाक्याबाबत असा अधिकार कोणालाही नाही.

उपलब्ध उपायांचे मूल्यमापन :

अनेक अभ्यासक जुनी रूपे वैयक्तिक शब्दकोशात जोडतात. विशेषनामांसाठी हा उपाय योग्य आहे. जरी ‘पाटील’ जोडल्याने ‘पाटलांच्या’ हे रूप आपोआप ओळखले जाईल, याची खात्री नसली तरी. जुन्या लेखनरूपांसाठी मात्र तो घातक आहे. ‘नाहीं’ एकदा स्वीकारले की संशोधकाच्या स्वतःच्या वाक्यातील ‘नाहीं’ही बिनबोभाट सुटते. ‘सर्वत्र बदला’ हा पर्याय नेमकी उलट हानी करतो.

अधिक सुरक्षित मार्ग भाषाविषयक मांडणीत आहे. वर्डमध्ये निवडलेल्या मजकुरापुरते शुद्धलेखन व व्याकरण न तपासण्याची सोय आहे. ती ‘अवतरण’ नावाच्या स्वतंत्र शैलीत साठवली तर प्रत्येक अवतरणाला एका कृतीत लागू होते. लिबरऑफिसमध्येही मजकुराची भाषा ‘काहीही नाही’ अशी ठेवता येते. मात्र या सोयीचा दुसरा परिणाम असा की, त्या मजकुरातील टंकलेखनाचे खरे दोषही झाकले जातात. म्हणून तपासणीतून वगळलेले प्रत्येक अवतरण मूळ ग्रंथाशी ताडून पाहणे अपरिहार्य ठरते.

संदर्भनिर्देशांची स्थिती वेगळी आहे. वर्डमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून संदर्भनिर्देशाची सोय आहे. झोटेरोसारखी साधनेही वापरात आहेत. यांत पानावर दिसणारा निर्देश हा आत साठवलेल्या नोंदीचा केवळ आविष्कार असतो. पानावर केलेली दुरुस्ती सूची अद्ययावत होताच पुसली जाऊ शकते. त्यामुळे दुरुस्ती मूळ नोंदीतच करावी लागते.

नैतिक बाजू :

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक विनियमांत योग्य श्रेयनिर्देशासह उद्धृत केलेला मजकूर साम्य-तपासणीतून वगळण्याची तरतूद आहे. ही सवलत अवतरण मूळ लेखकाचे आहे, या विश्वासावर उभी आहे. यंत्राने बदललेले वाक्य अवतरणचिन्हांत ठेवल्यास ते ना मूळ लेखकाचे राहते, ना संशोधकाचे. आज वाक्य सुबोध वा संक्षिप्त करून देणारी साधने उपलब्ध झाल्यामुळे हा धोका अक्षरापुरता न राहता वाक्यरचनेपर्यंत पोहोचला आहे. पुढील अभ्यासक मूळ ग्रंथ न पाहता प्रबंधातूनच अवतरण घेतो, तेव्हा ही विकृती परंपरा बनते.

निष्कर्ष :

१. शुद्धलेखन-तपासणीचा अधिकार संशोधकाच्या स्वतःच्या वाक्यांपुरता मर्यादित मानला पाहिजे.

२. तपासणी प्रबंधाच्या अखेरीस करण्याची प्रथा असली तरी अवतरणे वेगळी करण्याचे काम लेखनाच्या आरंभापासून व्हावे. तपासणीपूर्वी बदलांची नोंद ठेवण्याची सोय सुरू करावी.

३. मूळ लेखन जसेच्या तसे ठेवले आहे की आजच्या नियमांनुसार बदलले आहे, हे प्रबंधाच्या प्रारंभी स्पष्ट नमूद करावे. दोन्ही भूमिका समर्थनीय आहेत. अघोषित मिश्रण मात्र नाही.

४. मार्गदर्शकांनी व परीक्षकांनी निर्दोष दिसणाऱ्या पानावर समाधान न मानता काही अवतरणे मूळ ग्रंथाशी ताडून पाहावीत. लाल रेघ नाहीशी झाल्याने प्रबंध नीटनेटका होतो. तो विश्वसनीय होतो तो मूळ पान उघडून पाहिल्यानेच.