जोडगिटार : एक प्रथम परिचय

नव्या वाद्याविषयी पहिल्याच ऐकण्यात मत देऊ नये, असा जाणत्यांचा संकेत आहे. तो आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. परंतु पहिल्या ऐकण्यात कानांस जे खटकते किंवा सुखावते, ते पुढे सवयीने बुजून जाते, हेही तितकेच खरे. म्हणून गेल्या पावसाळ्यात दोन वेळा ऐकलेल्या एका नव्या गिटारीविषयी आमचे प्रथमग्रह, ते ताजे आहेत तोवरच, वाचकांपुढे ठेवीत आहोत. पहिले ऐकणे बेळगावच्या कॅम्पातील एका कोकणीभाषक कुटुंबाच्या घरी झाले, दुसरे निपाणीच्या एका सभागृहात भावगीतांच्या कार्यक्रमात. वादक तोच, वाद्यही तेच. पण दोन्ही वेळांचा अनुभव इतका निराळा होता, की त्या अंतरातच या वाद्याचा सारा गुणदोष सामावला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम वाद्याची ओळख. गिटारीच्या दोन जाती सर्वांस ठाऊक आहेत. एक पोकळ पोटाची, जिचा नाद लाकडातून उठतो आणि मधल्या भोकातून बाहेर पडतो. दुसरी विजेची. हिच्या पोलादी तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेची वेटोळी बसविलेली असतात. तार कंपित झाली की वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचा आवाज करतो. येथे लाकडाचे काम गौण. १९३२ मध्ये रिकनबॅकर यांच्या कारखान्याने बाजारात आणलेली पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजविण्याची हवाई पद्धतीची होती, आणि तिचे अंग तर ओतीव ॲल्युमिनियमचे होते!

या दोन जातींचा संकर करण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. पोकळ गिटारीच्या घोडीखाली स्फटिकाची पट्टी बसवून तारेचा दाब टिपण्याची युक्ती आज सर्रास आढळते. त्यापुढचे पाऊल म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेतील फेंडर कंपनीने 'अकूस्टासॉनिक टेलिकास्टर' नावाची गिटार काढली. तिचे अंग पातळ व पोकळ आहे. महोगनीच्या अंगावर स्प्रूसची तबली आहे. चुंबकाचा पिकअप, घोडीखालचा स्फटिक आणि तबलीचे ठोके टिपणारा संवेदक अशी तीन उपकरणे तिच्यात एकत्र नांदतात. पाच घरांची एक कळ आणि शेजारी एक फिरती गुंडी यांच्या साहाय्याने तिच्यातून दहा निरनिराळे आवाज काढता येतात. त्यांतले काही आवाज म्हणजे वेगवेगळ्या लाकडांच्या व आकारांच्या पोकळ गिटारींची ध्वनिचित्रे होत. कारखान्यात खऱ्या गिटारींचा अनुनाद मोजून ठेवलेला असतो आणि आतील मंडल तुमच्या तारेच्या कंपनावर तो चढविते. आम्ही ऐकलेले वाद्य याच कुळातले, परंतु दुसऱ्या कारखान्याचे. त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण आमचे म्हणणे एका कारखान्यापुरते नसून या सबंध कुळाविषयी आहे.

कॅम्पातल्या घरी वादकाने आम्हांस क्रमाने सारे आवाज ऐकविले. बाहेर बेळगावी पाऊस धरून लागला होता. कळ एका घरातून दुसऱ्या घरात सरकली, की शिसवी गिटार नाहीशी होऊन महोगनीची बोलू लागे. प्रथम कौतुक वाटले. चौथ्या-पाचव्या आवाजानंतर कौतुक ओसरले. प्रत्येक आवाज नीटनेटका होता, पण त्यात वादकाच्या बोटाची ओळख पुसट होत होती. नखाने छेडलेली तार आणि बोटाच्या मांसल टोकाने छेडलेली तार यांत जो फरक साध्या गिटारीत पोरासही कळतो, तो येथे कान देऊन शोधावा लागे. बहुरूप्याने दहा सोंगे हुबेहूब वठवावीत आणि त्याचा स्वतःचा चेहरा मात्र कोणाच्या लक्षात राहू नये, तसे काहीसे झाले.

मग आम्ही वादकास वायर काढून वाजविण्याची विनंती केली. पातळ पोटाची ती गिटार विजेवाचून अगदी हळू बोलली. खोलीच्या दुसऱ्या टोकास पावसाच्या आवाजापुढे ती पोहोचली नाही. जवळ बसलेल्यांस मात्र एक कोरडा, किंचित लाकडी, पण प्रामाणिक स्वर ऐकू आला. वादकाचे वृद्ध वडील कोपऱ्यात बसले होते. त्यांनी आयुष्यभर प्रार्थनामंदिरात आणि लग्नघरांत एकच पोकळ गिटार वाजविली. ते एवढेच म्हणाले, "नादाक कूड जाय, पुता." नादाला देह हवा! त्या संध्याकाळी आमचेही मत त्यांच्याच बाजूस झुकले होते, हे कबूल केले पाहिजे.

निपाणीत ते मत डळमळले. सभागृह लांबट, छत पत्र्याचे, श्रोते भरपूर आणि ध्वनियोजना जेमतेम. अशा ठिकाणी पोकळ गिटारीपुढे ध्वनिक्षेपक धरला, की ती शेजारच्या कर्ण्याचा आवाज स्वतःच्या पोटात घेऊन घुमू लागते, आणि मग कार्यक्रमभर ती किंचाळी आवरण्यातच वादकाचा जीव अर्धा होतो. येथे तसे काहीच घडले नाही. संथ भावगीताला साधी साथ, मध्येच एका चित्रपटगीताला विजेच्या गिटारीचा धारदार तुकडा, पुन्हा शेवटी भक्तिगीताला मृदू झंकार. हे सारे एकाच वाद्यावर, मधे न थांबता झाले. त्यापूर्वी हा वादक दोन गिटारी आणि एक जड पेटी घेऊन एस.टी.ने बेळगावहून निपाणीपर्यंतचे सुमारे पाऊणशे किलोमीटर अंतर तोडीत असे. शनिवारी लग्नाचा वाद्यवृंद, रविवारी सकाळी प्रार्थना, संध्याकाळी भावगीते असा ज्याचा चरितार्थ, त्यास या वाद्याने किती सोय झाली, हे घरात बसून मत देणाऱ्या टीकाकारास कळणे कठीण. आम्ही तो दोष आमच्याकडे घेतो.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की या वाद्यास केवळ सोयीचे साधन म्हणावे की खरे नवे वाद्य? संकर झाला एवढ्यानेच नाक मुरडणे आमच्या प्रदेशास शोभणारे नाही. मराठी, कानडी आणि कोकणी एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या या भागाने परकी वाद्ये अनेकदा आपलीशी केली आहेत. बाजाच्या पेटीचेच पाहा. तिचे स्वर बांधलेले. मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप खरा होता. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत सैल झाली नाही. पण त्याच काळात बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखे वादक भात्याच्या दाबावर आणि बोटांच्या सरकण्यावर मेहनत करून त्या बांधलेल्या स्वरांना गायकीच्या जवळ नेत होते. बंदी उठली ती कागदावर. पेटीला मान मिळाला तो या हातांमुळे.

गिटारीचे उदाहरण तर याहून बोलके आहे. ब्रिजभूषण काबरा यांनी ती मांडीवर आडवी घेतली आणि पडद्यांवरून बोटे न चालविता तारेवरून पोलादी कांडी सरकविली. त्यामुळे पडद्यांनी अडविलेली मींड मोकळी झाली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीस तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडविली. तिच्यावर केलेल्या ध्वनिमुद्रणास १९९४ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. आधी हाताने काही मागितले, आणि मग वाद्य बदलले. मींड हवी होती म्हणून कांडी आली. आस हवी होती म्हणून तरफा आल्या.

नव्या जोडगिटारीत हा क्रम उलटा आहे. कारखान्याने दहा आवाज आधीच भरून ठेविले आहेत आणि हातास त्यांतून निवड करावयाची आहे. म्हणूनच उसने आवाज ऐकताना मन रमत नाही. परंतु त्या गुंडीची एक मधली जागा अशी आहे, की जेथे चुंबकाचा स्वर आणि तबलीचा स्वर एकमेकांत मिसळतात. निपाणीच्या कार्यक्रमात एका गीताच्या अंतऱ्यापूर्वी वादकाने तेथे गुंडी ठेवून तार डाव्या बोटाने किंचित ताणली आणि उजव्या तळहाताने तबलीवर हलकीच थाप दिली. ताणलेला स्वर विजेच्या गिटारीसारखा लांब टिकला आणि थाप मात्र लाकडाची आली. हा आवाज कोणत्याही जुन्या गिटारीचा नव्हता. या वाद्याचा स्वतःचा म्हणावा असा तो आम्हांस ऐकू आलेला एकमेव आवाज. तो उणापुरा अर्धा मिनिट टिकला. पण त्याने आमचे कान टवकारले, आणि वृद्ध गृहस्थांच्या वाक्यास उत्तरही दिले. या नादाला देह आहे. मात्र तो शोधावा लागतो.

एक शंका मात्र निवारली गेली नाही. बेळगावहून आगगाडीने मिरजेस जावे, तर तेथील सतारमेकर गल्लीत आजही भोपळे वाळत घातलेले दिसतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तेथे तंतुवाद्यांचा हा धंदा उभारला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले. तेथील कारागीर तंबोऱ्याची घोडी कानसीने घासतो, तारेखाली सूत सरकवितो आणि आवाज खुलला की थांबतो. जवारी काढण्याची ही विद्या त्याच्या कानात असते. आजोबांचा तंबोरा नातू त्याच्याकडे घेऊन जातो आणि तो पुन्हा बोलू लागतो. जोडगिटारीची तबली तडकली तर असा एखादा हात ती जोडीलही. परंतु आतले मंडल बिघडले, विजेरी निकामी झाली, किंवा तो सुटा भागच कारखान्याने बंद केला, तर बेळगावात वा मिरजेत तिला पुन्हा बोलते कोण करणार? जिची किंमत सामान्य वादकाची कित्येक महिन्यांची कमाई खाते, ती वस्तू निदान त्याच्या मुलाच्या हाती तरी बोलती राहावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. कॅम्पातल्या वडिलांची जुनी गिटार अद्याप खुंटीवर आहे आणि वाजतेही, हे येथे नमूद करावेसे वाटते.

तात्पर्य, हे वाद्य घेण्यास निघालेल्या तरुण वादकांस आमचे सांगणे इतकेच. कर्णे, गर्दी आणि प्रवास यांत ज्यांचे वादन घडते, त्यांनी ते अवश्य घ्यावे. ते लबाड नाही. परंतु दुकानात दहा आवाज ऐकून भुलू नये. आधी वायर काढून वाजवावे आणि त्याचे स्वतःचे अंग कसे बोलते ते पाहावे. मग त्या मधल्या जागेवर गुंडी ठेवून महिना-दोन महिने बाकीच्या आवाजांकडे फिरकू नये. पेटीस विजापुऱ्यांसारखे हात मिळाले, गिटारीस काबरा मिळाले. जोडगिटारीस तसा हात अजून मिळावयाचा आहे. तो आमच्याच सीमाभागातून पुढे आला, तर त्याची मैफल ऐकावयास आम्ही पहिल्या रांगेत बसू, आणि आजच्या या लेखातील जे काही चुकीचे ठरेल ते आनंदाने मागे घेऊ.