संग्रहालय कीं जीर्णोद्धार?

यंत्रांच्या संग्रहालयाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु मूळ कृति कोणती आणि नक्कल कोणती, हा वाद आधीं वाङ्मयाचाच होय. आणि इंग्लंडांतील ब्लेचली येथील 'नॅशनल म्यूझियम ऑफ कंप्यूटिंग' पाहून परततांना आमच्या मनांत तोच घोळत होता.

जुन्या गणकयंत्रांच्या या संग्रहालयांतील सर्वांत विख्यात यंत्र म्हणजे 'कोलोसस'. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सेनाधिकाऱ्यांचे गुप्त संदेश उकलण्याच्या कामीं साहाय्य व्हावें म्हणून टपालखात्यांतील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनीं तें निर्माण केलें आणि १९४४ च्या प्रारंभीं तें कामास लागलें. युद्ध संपेपर्यंत अशीं दहा यंत्रें उभीं राहिलीं होतीं. पुढें क्रमाक्रमानें तीं सर्व मोडण्यांत आलीं. इतकेंच नव्हे, तर वरिष्ठांच्या आज्ञेवरून फ्लॉवर्स यांस आपले आराखडे भट्टींत जाळावे लागले. आज आपण पाहतों तें यंत्र टोनी सेल व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुनः घडविलेलें आहे. साधनें कोणतीं, तर थोडीं जुनीं छायाचित्रें, अभियंत्यांनीं गुपचूप जवळ ठेवलेले कांहीं आराखडे आणि वृद्धांच्या आठवणी! २००७ सालीं हें कार्य सिद्धीस गेलें.

याच संग्रहालयांत दुसरें एक यंत्र आहे, तें मात्र अस्सल. हारवेलच्या अणुसंशोधनकेंद्रांत १९५१ सालीं चालूं झालेल्या या अडीच टन वजनाच्या यंत्रास पुढें 'विच', म्हणजे चेटकीण, असें नांव पडलें. अनेक वर्षें अडगळींत पडून राहिल्यावर २०१२ सालीं तें पुनः चालूं झालें. एका गुणाकारास त्याला पांच ते दहा सेकंद लागतात. पण त्याच्या काचनळ्यांतील प्रकाशाचा ठिपका दहा घरांतून फिरूं लागला, कीं अंक मोजला जात असतांना प्रत्यक्ष डोळ्यांस दिसतो. आजच्या संगणकाच्या पोटांत काय चाललें आहे हें कोणास दिसतें?

कित्येक जाणते म्हणतील कीं, 'विच' हा खरा ठेवा आणि कोलोसस ही केवळ नक्कल. हें मत आम्हांस मान्य नाहीं. ज्ञानेश्वरीची मूळ लिखित प्रत आज उपलब्ध नाहीं. तथापि एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीस नक्कल म्हणण्यास कोणीहि धजणार नाहीं. कारण ग्रंथ कागदांत नसतो, शब्दांच्या अनुक्रमांत असतो. त्याचप्रमाणें यंत्र हें धातूंत नसून जोडणींत असतें. तारा नव्या असल्या तरी जोडणी तीच असेल आणि काम तेंच होत असेल, तर तें यंत्र तेंच होय. देवळाच्या बाबतींत ज्यास आपण जीर्णोद्धार म्हणतों, तोच हा प्रकार. मग अस्सलाची किंमत ती कोणती? ती पुराव्याची. पाठाविषयीं संशय आला म्हणजे जुनी पोथी जशी उघडून पाहावी, तसें 'विच'कडे पाहावें.

परंतु या उपमेस एक मर्यादा आहे, आणि आमच्या मतें खरा प्रश्न तेथेंच उभा राहतो. वाचणारा नसला तरी पोथी पोथीच राहते. चालविणारा नसला तर यंत्र मात्र निव्वळ लोखंड होऊन बसतें. म्हणूनच बहुतेक ठिकाणीं काचेआड नुसतें मांडलेलें यंत्र आम्हांस प्रेतवत् वाटतें. येथें तीं चालतात, तीं कांहीं आपोआप नव्हे. मुख्यतः स्वयंसेवकांनीं आपल्या हातांनीं जपलेल्या विद्येमुळें चालतात. युद्धकाळीं कोलोसस चालविणाऱ्या नौदलाच्या तरुणींनीं आपल्या कामाविषयीं कित्येक वर्षें मौन पाळलें. त्या मौनाबरोबर किती हस्तकौशल्य नाहींसें झालें असेल, याची गणती कोणत्याहि सूचिपत्रांत सांपडावयाची नाहीं.

तेव्हां अशा संग्रहालयाची परीक्षा त्यांतील वस्तूंच्या संख्येवरून करूं नये. तेथें गुरूपासून शिष्यास विद्या मिळते कीं नाहीं, यावरून करावी. ती परंपरा खुंटली तर हीं यंत्रें पुनः एकदां नष्ट होतील, आणि त्या वेळीं आराखडे जाळण्याची आज्ञा कोणी दिलेली नसेल.