हायड्रॉइडांतील ‘पिढ्यांचे एकांतरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

ओबेलिया या सूक्ष्म समुद्री हायड्रॉइडाला प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात जे स्थान मिळाले आहे, ते बहुतांशी ‘पिढ्यांचे एकांतरण’ या एका संज्ञेमुळे. अलैंगिक पॉलिप आणि लैंगिक छत्रिक अशा दोन पिढ्या या प्राण्यात आळीपाळीने येतात, असे विद्यार्थी शिकतो व तसेच लिहितो. संज्ञा सोयीची आहे, याबद्दल वाद नाही. ती यथार्थ आहे काय, हे मात्र तपासावयास हवे. कारण अयथार्थ संज्ञा उत्तरपत्रिकेपुरती राहात नाही. अभ्यासक पाण्यात काय शोधील आणि काय न पाहताच परतेल, हेही तीच ठरविते.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. ओबेलियाचा निवह म्हणजे दगडावर वा समुद्रशैवलावर सरपटणारे बारीक धागे आणि त्यांतून वर उठलेल्या नाजूक फांद्या. या सर्वांतून सजीव ऊतीची एकच पोकळ नळी जाते व तिच्याभोवती कायटिनाचे पारदर्शक कवच असते. फांद्यांच्या टोकांवरील पोषक जीवकांना तोंड, संस्पर्शक व पेल्यासारखे आवरण असते. एकाने मिळविलेले अन्न सामाईक नळीतून साऱ्या निवहास पोचते. फांद्यांच्या बेचक्यांत जनक जीवक असतात. त्यांना ना तोंड, ना संस्पर्शक. त्यांच्या दांड्यावर मुकुलनाने छत्रिके तयार होतात व सुटून पोहू लागतात. छत्रिकाच्या चार अरीय नलिकांवर चार जननग्रंथी असतात. नर व मादी भिन्न असतात. फलित अंड्यापासून झालेला रोमकयुक्त प्लॅन्यूला डिंभ तळाशी चिकटतो आणि नवा निवह सुरू होतो.

हा क्रम निर्विवाद आहे. वाद आहे तो त्याला दिलेल्या नावाचा. १८१९ मध्ये शामिसो याने साल्पा या प्राण्याविषयी ही कल्पना मांडली व १८४२ मध्ये स्टेनस्ट्रुप याने तिला व्यापक सिद्धांताचे रूप दिले. १८५१ मध्ये हॉफमाइस्टर याने शेवाळी व नेचे यांच्या जीवनक्रमातील एकांतरण दाखविले. वनस्पतींतील या एकांतरणाला पुढे गुणसूत्रांचा भक्कम आधार मिळाला : बीजाणुधारी पिढी द्विगुणित, गंतुकधारी पिढी एकगुणित. ओबेलियात असा भेद नाही. पॉलिप द्विगुणित, तसेच छत्रिकही द्विगुणित. एकगुणित असतात ती केवळ अंडी व शुक्राणू. तेव्हा नेचे आणि ओबेलिया यांच्या आकृत्या शेजारी काढून साम्य सुचविणे म्हणजे नामसाम्याला वस्तुसाम्य मानणे होय.

यावर असे म्हटले जाईल की, गुणसूत्रांचा विचार बाजूस ठेवून ‘अलैंगिक व लैंगिक प्रजोत्पादन आळीपाळीने होते’ एवढाच अर्थ घ्यावा. परंतु हायड्रॉइडांचा वर्ग तेवढाही अर्थ टिकू देत नाही. हायड्रात छत्रिक नाहीच. जननग्रंथी पॉलिपच्याच अंगावर येतात. प्लुम्युलॅरियात छत्रिकाचा ऱ्हास होऊन तो निवहापासून सुटतच नाही. उलट आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातील लिम्नोक्निडाच्या छत्रिकाला मुखदंडावर मुकुल येऊन नवी छत्रिके होतात. म्हणजे ‘लैंगिक’ म्हटलेली पिढी अलैंगिक रीतीनेही वाढते. एका टोकाला छत्रिक जवळजवळ एक अवयव, दुसऱ्या टोकाला जवळजवळ स्वतंत्र प्राणी. या दोन टोकांमधील साऱ्या पायऱ्या ‘पिढी’ या एका शब्दात मावत नाहीत.

या संज्ञेने झालेली हानी गोड्या पाण्यातील जातींच्या इतिहासात दिसते. क्रॅस्पेडाकुस्टाचे छत्रिक १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील कुंडात सापडले. त्याच प्राण्याच्या संस्पर्शकहीन, मिलिमीटरहूनही लहान पॉलिपला १८८५ मध्ये अमेरिकेत मायक्रोहायड्रा हे वेगळे नाव मिळाले. जीव एक आणि प्रजाती दोन, असा हा प्रकार. महाराष्ट्राचा यात निकटचा संबंध आहे. शं. पु. आघारकर यांना १९११ मध्ये सह्याद्रीत गोड्या पाण्यातील छत्रिक आढळले व अ‍ॅनन्डेल याने त्याला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. तोवर आफ्रिकेपुरती समजली जाणारी ही प्रजाती कृष्णेच्या खोऱ्यात निघाली. हा शोध मोठाच. तथापि त्यात प्राण्याची ओळख झाली ती छत्रिकावरून.

मुळशीचा जलाशय ज्या मुळेवर आहे, ती मुळाही भीमेमार्गे कृष्णेलाच मिळते. त्यामुळे मुळशी खोऱ्यातील ओढे व डोह पुण्याच्या अभ्यासकाला या प्रश्नासाठी सर्वांत जवळचे क्षेत्र ठरतात. तेथे छत्रिक हाच प्राणी मानून जाणारा अभ्यासक पृष्ठभागावर जाळे फिरवील आणि काही न मिळाल्यास ‘जाती आढळली नाही’ अशी नोंद करील. ती नोंद एका अवस्थेच्या अभावाची असेल, जातीच्या नव्हे. छत्रिक हंगामापुरते दिसते. पॉलिप मात्र बुडालेल्या दगडांच्या व काटक्यांच्या पृष्ठावर, सूक्ष्मदर्शकाखालीच शोधावा लागतो.

‘एका जीवनचक्रातील पॉलिप व छत्रिक अवस्था’ हे शब्द काहीसे लांब आहेत, पण ते खोटे साम्य सुचवीत नाहीत आणि दोन्ही अवस्था शोधण्याची जबाबदारी अभ्यासकावर टाकतात. पदव्युत्तर अध्यापनात तरी ‘पिढ्यांचे एकांतरण’ वनस्पतिशास्त्राकडे सोपवून हायड्रॉइडांसाठी हीच शब्दयोजना स्वीकारावी, हे युक्त होय.