शाळा विकास आराखडा : कबुलीजबाब की मागणीपत्र?

आपल्या नियतकालिकांतून कवितांची, आत्मकथनांची, नाटकांची समीक्षा होते. सरकारी कागदाची समीक्षा सहसा होत नाही. ती झाली पाहिजे, कारण आपल्या पोरांचे भवितव्य कवितेपेक्षा अशा कागदांतच अधिक ठरते.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील वागळे इस्टेटमध्ये कंत्राटी कामगार होते. मी पालिकेच्या शाळेत शिकलो. आज माझा भाचा ठाणे ते कल्याण-डोंबिवली या पट्ट्यातल्या अशाच एका शाळेत आहे आणि ताई तिथल्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. तिने एकदा शाळा विकास आराखड्याची प्रत माझ्यापुढे टाकली. म्हणाली, "अरे, सही कुठं करायची तेवढं दाखवलं. काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं नाही."

मी तो कागद साहित्यकृती वाचावी तसा वाचला. रकाने सहा : समस्या, कारण, कृती, जबाबदारी, मुदत, शेरा. समस्या : मुलांना वाचता येत नाही. कारण : पालकांची उदासीनता, घरी शैक्षणिक वातावरणाचा अभाव. कृती : पालकांचे प्रबोधन करण्यात येईल. जबाबदारी : वर्गशिक्षक. मुदत : मार्चअखेर. शेऱ्याचा रकाना कोरा. आदल्या वर्षीचा आराखडा मागवून पाहिला, तर फक्त साल बदललेले होते.

या भाषेचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'करण्यात येईल', 'राबविण्यात येईल', 'प्रयत्न केले जातील'. कर्ता कुठेच नाही. शिक्षकाची जागा कोण भरणार, नळाला पाणी कोण आणणार, याला कर्ता नाही. हाडामांसाचा माणूस कागदावर एकदाच येतो, तो कारणाच्या रकान्यात, आरोपी म्हणून. तो म्हणजे आपला बाप आणि आपली आई.

ही उदासीनता कसली? पहाटेची लोकल धरून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने सकाळी अकराच्या पालकसभेला यायचे म्हणजे दिवसाचा रोज बुडवायचा. दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेले कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते. तोवर आराखड्याची मार्चअखेरची मुदत उलटलेली असते. ज्या मुलासाठी कृती लिहिली ते मूल कृतीच्या काळात वर्गातच नसते. हे मुख्याध्यापकांना ठाऊक नसते असे नाही. पण छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

हे साधन आले कुठून तेही पाहावे. योजना करा, अंमल करा, तपासा, सुधारा आणि पुन्हा तेच चक्र फिरवा, ही कारखानदारीतली रीत आहे. डेमिंग नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने 1950 साली जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे दिले. बहुतेक दोष कामगाराचे नसून व्यवस्थेचे असतात, हे त्याचे सांगणे. आपल्या शिक्षणखात्याने चक्र घेतले आणि हे सांगणे मात्र गाळले. 2015 साली आलेल्या 'शाळासिद्धी'त सात क्षेत्रे आणि शेहेचाळीस मानके होती. शाळेने स्वतःला श्रेणी द्यायची आणि सुधारणेचा आराखडा लिहायचा. मोजमाप वाढले; पण मोजणाऱ्याला कोण मोजणार, हा प्रश्न तसाच राहिला.

महात्मा फुले यांनी तो 1882 सालीच विचारला होता. हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी तपासणीच्या यंत्रणेवरच बोट ठेवले. अधिकाऱ्याने वर्षातून एकदा यावे हे पुरेसे नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि एरवीही आगाऊ वर्दी न देता शाळा पाहाव्यात, असे त्यांनी सुचविले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, त्यांना बरा पगार मिळावा, हेही त्याच निवेदनात आहे. सतत सुधारणेचा खरा आराखडा तो होता. त्यात दोष रयतेचा नव्हता, रयतेच्या पैशावर वरच्यांची विद्या पोसणाऱ्या सरकारचा होता.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हा कागद फाडून टाका. मला ते पटत नाही. शिक्षकांना झोडपणेही पटत नाही. मतदारयाद्यांचे काम आणि दोन वर्ग एकदम सांभाळणारा शिक्षक हाही याच व्यवस्थेचा बळी आहे. कागद फाडू नये, कारण तो मुळात आपला आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम 21 सांगते की समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर स्थान हवे. कलम 22 त्याहून महत्त्वाचे आहे. आराखडा समितीने करायचा. आणि शासनाने वा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असेल. केंद्राच्या नमुना नियमांनुसार त्यात जादा शिक्षक किती, वर्गखोल्या किती, पैसा किती हे मांडायचे असते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आराखडा हे पालकांचे मागणीपत्र आहे. व्यवहारात त्याचा पालकांच्या नावे लिहिलेला कबुलीजबाब झाला आहे, आणि सही आपल्याच बायांची घेतली जाते.

पुढच्या बैठकीला मी ताईबरोबर गेलो आणि मागे बसलो. ती आणि आणखी तिघी बोलल्या. त्यांचे म्हणणे एवढेच : कारणाच्या रकान्यात लिहा की या वर्गाला सहा महिने शिक्षक नव्हता, जबाबदारीच्या रकान्यात वर्गशिक्षक नको, नेमणूक करणाऱ्याचे पद लिहा, आणि सभा संध्याकाळी घ्या. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. हळूच म्हणाले, "बाई, असं लिहिता येत नाही. वर चालत नाही." बराच वाद झाला. आराखड्यात ते वाक्य गेले नाही. इतिवृत्तात मात्र गेले, चौघींच्या सह्यांसह.

ही जीत नाही. भाच्याच्या वर्गाला अजून पूर्णवेळ शिक्षक मिळालेला नाही, आणि त्याचे वाचनाचे वय काही आराखड्याच्या मुदतीसाठी थांबणार नाही. पण एका कागदावर पहिल्यांदा कर्ता आला. आपल्या वस्त्यांत शिकलेली पोरे आहेत, आम्ही शिक्षक-प्राध्यापक आहोत. समितीच्या बैठकीआधी एक संध्याकाळ वस्तीत बसून आराखडा मोठ्याने वाचून दाखवणे आपल्याला अवघड नाही. सही त्यानंतर व्हावी.