प्रयोगशाळेतला ‘इतर’ माणूस

विद्यापीठाच्या कारभारात ‘शिक्षकेतर’ असा एक शब्द रूढ आहे. कुलसचिवांच्या कचेरीतला अधीक्षक, फीच्या खिडकीमागचा लिपिक, भांडारपाल, प्रयोगशाळा सहाय्यक, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, हमाल, सफाई कामगार हे सारे या एका शब्दात कोंबलेले आहेत. शब्द सोयीचा आहे. परंतु माणूस काय करतो हे तो सांगत नाही; तो काय नाही, एवढेच सांगतो. नकारातून नाव मिळण्याचा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. ‘अस्पृश्य’ हा शब्द असाच घडलेला होता. ‘ब्राह्मणेतर’ या शब्दातल्या इतरांनी चळवळ उभी केली आणि त्या शब्दालाच धार आणली. ‘शिक्षकेतर’ मात्र सेवापुस्तकात आणि संघटनेच्या पत्रकात राहिला. साहित्यात त्याचा आवाज क्वचितच उमटला. हा अभाव का राहिला आणि त्यात आपला स्वतःचा वाटा किती, हे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा प्रश्न मी दुरून पाहिलेला नाही. एका विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहाय्यक होतो. तिथल्या वयस्क परिचरांना सगळे ‘मामा’ म्हणत. विद्यार्थी म्हणत, प्राध्यापक म्हणत, मीही म्हणे. त्या हाकेत माया होती हे खरे. पण माणसाच्या नावाची गरजच उरू नये, अशीही सोय तिच्यात होती. मामा आमच्याच वस्तीतले, सातवीपर्यंत शिकलेले. बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग. जुने जाईपर्यंत नवे पडत. किप्सच्या उपकरणातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू नीट येईना झाला, की खडे संपले की आम्ल फिके पडले, हे ते पाहताक्षणी सांगत. आम्ल पाण्यात सोडायचे, पाणी आम्लात कधी ओतायचे नाही, हा धडा पहिल्या वर्षाच्या पोरांना प्राध्यापकांच्या आधी त्यांच्याकडून मिळे.

मराठी कादंबरीत महाविद्यालय आले ते विद्यार्थ्याच्या आणि प्राध्यापकाच्या नजरेतून. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) विद्यार्थ्याची. ‘बिढार’ (१९७५) ते ‘झूल’ (१९७९) या कादंबऱ्यांतला चांगदेव पाटील इंग्रजीचा प्राध्यापक. शिक्षणसंस्थांचा पोकळपणा या कादंबऱ्यांनी निर्दयपणे उघडा केला, हे ऋण मान्यच आहे. पण तो उघडा करणारी नजर स्टाफरूममधली आहे. सकाळी सर्वांआधी येऊन ब्युरेट धुणाऱ्या माणसाला हाच पोकळपणा कसा दिसत असेल? तो प्रश्न त्या कादंबऱ्यांचा नव्हता. आपला असायला हवा होता.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) तो काही पाने आपला झाला आहे. शिकलेला महार तरुण मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळेच्या नोकरीला लागतो आणि पुन्हा जनावरांपाशीच येऊन ठेपतो. गावात ढोरे ओढण्याचे काम जातीने दिले. इथले काम शिक्षणाच्या दाखल्याने दिले. दाखला हाती असूनही माणूस जुन्याच कामाच्या सावलीत उभा, हा विरोधाभास वाचताना मला माझा विभाग आठवला. परंतु ‘बलुतं’चा जीव महारवाड्यात आणि कावाखान्यात आहे. प्रयोगशाळा हे त्या प्रवासातले एक ठाणे. लेखकाला तो अधिकार आहे. दोष असेलच तर तो हा धागा पुढे न उचलणाऱ्या आपल्या सर्वांचा आहे.

का उचलला नाही? आपल्या आत्मकथनांची वाट बहुधा गावकुसाबाहेरून शाळेकडे, तिथून वसतिगृहाकडे आणि अखेर प्राध्यापकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या खुर्चीकडे जाते. हे स्वाभाविकच आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, ते आपली मुले ज्ञानाच्या अधिकारपदावर जावीत म्हणून. चूक त्या वाटेची नाही. चूक समीक्षेची आहे, कारण तिने खुर्चीपर्यंत पोचलेल्यालाच नायक मानले. चतुर्थ श्रेणीत थांबलेला माणूस तिच्या लेखी ‘न पोचलेला’. तो साहित्यात आलाच तर बाप म्हणून येतो, मुलाच्या शिक्षणासाठी झिजणारा. त्याची झीज आपण लिहिली. त्याचे जाणतेपण लिहिले नाही.

‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये (१९३६) बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची वाटणी करून थांबत नाही, ती काम करणाऱ्यांचीच उतरंड लावते. प्रयोगशाळेत ही उतरंड रोज पाहायला मिळते. द्रावण बनवणारा हात ‘मदत’ करतो आणि त्या द्रावणावरून आकडा काढणारे डोके ‘संशोधन’ करते. निबंधावर नाव डोक्याचे छापले जाते. बरणी फुटली तर मेमो हाताला मिळतो.

या संदर्भात एका पुस्तकाकडे लक्ष वेधतो. दलित पँथर १९७२ साली जन्मली तेव्हापासून आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लेखनाशी नाते सांगत आलो. पण व्हिव्हियन थॉमस यांच्या आत्मचरित्राची (१९८५) चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. थॉमस मूळचे सुतारकाम करणारे. डॉक्टर होण्यासाठी साठवलेले पैसे मंदीत बँक बुडाल्याने गेले. १९३० साली ते डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत लागले. काम तंत्रज्ञाचे आणि पगारपत्रकावरचा हुद्दा मात्र झाडूवाल्याचा. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जन्मतः सदोष हृदयामुळे निळ्या पडणाऱ्या बालकांवरची शस्त्रक्रिया त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून घडवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ती प्रथम एका बालिकेवर झाली, तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून टाके कसे पडावेत ते सांगत होते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधावर ब्लॅलॉक आणि डॉ. हेलन टॉसिग यांची नावे होती. थॉमस यांचे नव्हते. सन्माननीय डॉक्टरेट त्यांना मिळाली १९७६ साली.

या आत्मचरित्राचे मोल मला अपमानाच्या नोंदींपेक्षा दुसरीकडे दिसते. थॉमस आपले काम सांगतात. रक्तवाहिनी कशी जोडली, कोणते उपकरण कसे बदलून घेतले, प्रयोग कुठे फसला, हे ते तपशिलाने लिहितात. दयेची मागणी तिथे नाही. मी जाणत होतो, ही साक्ष आहे. विद्रोहाचा हाही एक आविष्कार आहे आणि आपल्या समीक्षेने तो ओळखायला शिकले पाहिजे.

आता माझी साक्ष. एका प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण घाईने करायला सांगण्यात आले. मामा म्हणाले, “साहेब, हे मुरू द्यावं लागतं, मग गाळायचं. रातीत याची ताकद उतरते.” साहेबांनी ऐकले नाही, रात्री काढलेली तीव्रताच त्यांनी नोंदून ठेवली. सकाळी सगळ्या मुलांची वाचने चुकली आणि मामांना हलगर्जीपणाचा मेमो मिळाला. मेमो इंग्रजीत होता. मी तो वाचून दाखवला. “बाबा, खरं तेच लिही,” एवढेच ते म्हणाले. पण माझी नोकरी कायम व्हायची होती. मी लिहिले : माझ्याकडून चूक झाली, क्षमा असावी. मामांनी न वाचता सही केली.

प्रयोगशाळेतल्या माणसाविषयी मी लिहिलेले पहिले लेखन ते. पुढे मी कविता लिहिल्या, व्यासपीठावर नकाराची भाषा बोललो; तो माफीनामा मात्र त्यांच्या सेवापुस्तकात तसाच राहिला. म्हणून पांढरपेशा कादंबरीकाराला जाब विचारताना माझी जीभ अडखळते. त्याने मामांना पाहिले नाही. मी पाहिले आणि खोटे लिहिले.

आज यातली कितीतरी कामे कंत्राटदाराकडे गेली आहेत. वर्षानुवर्षे एका टेबलापाशी राहून येणारे जाणतेपण कंत्राटात साठत नाही. ते जाणारे हात अजून आपल्या वस्त्यांत आहेत, निवृत्त होऊन ओट्यावर बसलेले. आपल्या तरुण लेखकांनी त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. दुःख विचारावेच, पण त्याआधी विचारावे, तुम्ही काय जाणत होता? त्यांचे खरे नाव विचारून घ्यावे. आणि ते जे सांगतील तेच लिहावे.